विद्युत संचमांडणीचे सुरक्षा नियम कामगारांना शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायरमन, पर्यवेक्षक, लहान ठेकेदार, कारखान्यांचे देखभाल विभाग आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील ६५० व्होल्टपर्यंतच्या कामांना धरून आहेत. उच्चदाबाच्या कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते. एखाद्या मुद्द्याचे विवेचन दुसऱ्या उत्तरात आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कायदा, विनियम, मानक, संहिता अशी बरीच नावे कानावर पडतात. त्यांतले बंधनकारक काय आणि कामगाराला शिकवायचे काय?

सर्वांत वर विद्युत अधिनियम, २००३ आहे. त्याच्या कलम ५३ नुसार सुरक्षेचे उपाय ठरवण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आहे आणि त्या अधिकारात काढलेले २०२३ चे सुरक्षा व वीजपुरवठाविषयक विनियम आज लागू आहेत. त्यांच्या जोडीला भारतीय मानक ब्यूरोची मानके येतात. वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि अनेक मानकांतील तरतुदी एकत्र मांडणारी राष्ट्रीय विद्युत संहिता, म्हणजे एसपी ३०, ही त्यांतली रोजच्या कामाची. मानक हा स्वतः कायदा नव्हे. परंतु काम संबंधित भारतीय मानकांना धरून असावे अशी अपेक्षा विनियमच ठेवतात, त्यामुळे अपघाताच्या चौकशीत काम मानकाप्रमाणे झाले होते का, हा प्रश्न येतोच.

कामगाराला कलमांचे क्रमांक पाठ करायला लावण्यात वेळ घालवू नये. समोरच्या बोर्डाकडे पाहून येथे काय चुकले आहे, त्यामुळे कोणाला, केव्हा आणि कसा शॉक बसू शकतो, हे त्याला सांगता आले पाहिजे. क्रमांक पर्यवेक्षकाला माहीत असावेत, कारण कागदावर उत्तर त्याला द्यावे लागते.

२. आमचे जुने मिस्त्री अजून ‘रूल ४५’ आणि ‘रूल ६१’ म्हणतात. ते नियम चालू आहेत का?

हे क्रमांक भारतीय विद्युत नियम, १९५६ मधले आहेत. त्यांची जागा २०१० च्या विनियमांनी घेतली आणि २०१० च्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी. पुष्कळसा आशय मात्र पुढे चालत आला आहे, म्हणून जुन्या मिस्त्रींचे सांगणे बहुधा बरोबर असते आणि क्रमांक तेवढा जुना असतो. प्रशिक्षणात त्यांना खोडून काढण्याऐवजी तीच तरतूद आजच्या विनियमांत कोठे आहे ते दाखवावे. फलकावर, अहवालात किंवा निविदेत मात्र जुने क्रमांक लिहू नयेत.

३. प्रशिक्षण फक्त वायरमनला द्यायचे, की हेल्परलाही?

हेल्परला आधी द्यावे. पाइप ओढणारा, झिरी मारणारा, शिडी धरणारा आणि केबल खेचणारा माणूस उघड्या तारेजवळ वायरमनइतकाच वेळ असतो आणि धोका ओळखण्याची साधने त्याच्याकडे सर्वांत कमी असतात. रंगारी, प्लंबर, सुतार आणि सफाई कर्मचारी यांनाही कोठे हात लावायचा नाही, कोणता खटका बंद करायचा आणि शॉक लागल्यास काय करायचे (प्रश्न १६ पाहावा) एवढे शिकवलेच पाहिजे.

४. मुलाने आयटीआय केले आहे. तो लगेच स्वतंत्रपणे काम करू शकतो का?

नाही. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि तो पाया उत्तम घालतो, परंतु शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि काम करण्याचा परवाना या स्वतंत्र बाबी आहेत. ग्राहकाच्या जागेतील संचमांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीकडून व्हावे लागते.

कारखान्यांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. विद्युत यंत्रणेवर काम करणाऱ्या व्यक्ती मालकाने नामनिर्देशित कराव्यात, त्यांची नावे व कोणत्या कामासाठी त्यांना नेमले आहे ते नोंदवहीत लिहावे आणि विद्युत निरीक्षकाने मागितल्यास ती नोंदवही दाखवावी, अशी तरतूद आहे. अनेक ठिकाणी ही वही निरीक्षक येणार म्हटल्यावर एका बैठकीत भरली जाते. तिचा खरा उपयोग रात्रपाळीला होतो. पॅनेल उघडण्याचा अधिकार या पाळीत कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे ती सांगते. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात त्याच्या नावापुढे काय लिहिले आहे ते वाचून दाखवावे.

५. मग घरातला बल्ब किंवा बिघडलेला खटका बदलायलाही ठेकेदार लागतो का?

लागत नाही. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे आणि फिटिंग यांची अशी अदलाबदल, की जिच्यामुळे संचमांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, या अटीतून वगळलेली आहे. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. सहा अँपिअरचा खटका काढून तसाच सहाचा बसवणे ही अदलाबदल झाली. त्याच जागी गीझरसाठी सोळा अँपिअरचा सॉकेट बसवणे म्हणजे क्षमता बदलणे, आणि तेथे ही सवलत संपते. सवलतीमुळे धोका कमी होत नाही, म्हणून बल्ब बदलतानाही मेन स्विच बंद करण्याची सवय घरच्यांनाही लावावी.

६. आमच्याकडे ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत, काहींना वाचताही येत नाही. त्यांना हे नियम कसे शिकवायचे?

वर्गात बसवून विनियम वाचून दाखवल्यास काहीही पोहोचत नाही. वाचता येणाऱ्यांनाही पोहोचत नाही. या विषयाला एक मोठा फायदा आहे. यातला जवळजवळ प्रत्येक नियम हाताने दाखवता येतो.

लाकडी फळीवर एक सराव-बोर्ड करावा: मेन स्विच, आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाल्यास पुरवठा तोडणारे साधन), दोन एमसीबी (जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास आपोआप पडणारे खटके), एक दिव्याचा पॉइंट, एक सॉकेट. त्यात मुद्दाम दोष ठेवावेत. पहिला दोष असा ठेवावा, की दिव्याचा खटका फेजऐवजी न्यूट्रलवर आहे. कामगाराला खटका बंद करायला सांगावा. दिवा विझतो. आता त्याला विचारावे, की होल्डरला हात लावू का? बहुतेक जण हो म्हणतात. मग मीटरची एक टोकणी (तारेच्या टोकाची धातूची सुई) होल्डरच्या टोकावर आणि दुसरी अर्थवर ठेवून २३० व्होल्ट दाखवावेत. एकल खटका फेजवरच का आणि न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा सुटा खटका का नको, हा नियम त्यानंतर कोणालाही पाठ करावा लागत नाही. हे प्रात्यक्षिक परवानाधारक प्रशिक्षकानेच, आरसीसीबीमागे, इतरांना हातभर दूर उभे करून दाखवावे.

जळालेला एमसीबी, वितळलेला सॉकेट, लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) नीट न दाबल्यामुळे काळी पडलेली केबल अशा खऱ्या वस्तू साइटवरून जमवून ठेवाव्यात. शिकवण्याची भाषा कामगाराची असावी. हिंदी चालते असे गृहीत धरू नये, गटातलाच एखादा अनुभवी माणूस दुभाषा म्हणून पुढे करावा. प्रत्येक मुद्द्यानंतर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘हो’ येते. त्याऐवजी ‘आता तू मला दाखव’ असे म्हणावे.

धोक्याच्या पाट्यांबाबत विनियमांचा आशय असा आहे, की २५० व्होल्टच्या वर दाब असेल तेथे कवटी-हाडांचे चिन्ह असलेली पाटी हिंदी किंवा इंग्रजीबरोबर त्या जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही असावी. ते चिन्ह न वाचणाऱ्यासाठीच आहे, म्हणून पाटीवर रंग उडालेला चालवून घेऊ नये.

७. एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर कोणती शिकवावी?

वीज बंद केली आहे असे मानू नये, ती बंद असल्याचे सिद्ध करावे.

पद्धत ठरलेली आहे आणि तिचा क्रम मोडायचा नाही. कोणत्या मार्गांनी वीज येथे येऊ शकते ते आधी शोधावे. तो प्रत्येक मार्ग तोडावा. तोडलेल्या जागी कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवावी आणि ‘काम चालू आहे’ ही पाटी त्याच्या नावासह टांगावी. मग मीटर किंवा दोन टोकण्यांचा टेस्टर एखाद्या चालू सॉकेटवर तपासावा, त्यानंतर कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या पाहाव्यात आणि शेवटी तेच साधन पुन्हा चालू सॉकेटवर तपासावे. शेवटची पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. मधल्या वेळात साधनच बंद पडले असेल, तर ‘शून्य’ हे वाचन खोटे असते, आणि ते खोटे आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. कपॅसिटर असलेल्या पॅनेलमध्ये वीज तोडल्यानंतरही साठलेला विद्युतभार (चार्ज) शिल्लक राहतो. तेथे तो उतरू द्यावा, पुन्हा मोजावे आणि टोके जोडून अर्थ करावीत.

निऑनच्या पेचकस-टेस्टरवर हे काम भागत नाही. तो माणसाच्या अंगातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर उजळतो. रबरी तळाचे बूट, कोरडी लाकडी शिडी किंवा भर उन्हातला प्रकाश एवढ्याने तो न उजळल्यासारखा वाटू शकतो.

८. मेन बंद करून घेतला, तरी शॉक बसला. असे कसे होते?

बहुतेक वेळा वीज दुसऱ्या वाटेने आलेली असते. घरातला इन्व्हर्टर, सोसायटीचा जनरेटर, छतावरची सौर यंत्रणा किंवा शेजारच्या सर्किटशी एकत्र केलेला न्यूट्रल ही नेहमीची कारणे आहेत. जनरेटर बदलखटक्याशिवाय (चेंजओव्हर स्विचशिवाय) सॉकेटमधून उलटा जोडला, तर वीज घराबाहेर जाते, रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) उलट्या दिशेने चढून उच्चदाबाची होते आणि शटडाउन घेऊन खांबावर चढलेल्या लाइनमनपर्यंत पोहोचते. म्हणून बदलखटका असा असावा, की दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणे यांत्रिकदृष्ट्याच अशक्य व्हावे. सौर यंत्रणेचे वेगळे प्रश्न अखेरच्या उत्तरात आहेत.

९. रंगांचा नियम नक्की काय? निळी तार फेज की न्यूट्रल?

दोन्ही असू शकते. आपल्याकडे कायम वायरिंगमध्ये तीन फेजना लाल, पिवळा आणि निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा किंवा हिरवा-पिवळा हा रूढ संकेत आहे. त्यात निळी म्हणजे तिसरा फेज. उपकरणांसोबत येणाऱ्या लवचीक दोरीत मात्र तपकिरी फेज, फिकट निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते. एकाच सॉकेटच्या भिंतीमागे आणि भिंतीपुढे निळ्याचा अर्थ उलटा होतो. हे दोन तुकडे शेजारी ठेवून शिकवावे. कामगाराला दोन वाक्ये पक्की द्यावीत: हिरवी तार अर्थशिवाय कशालाही वापरायची नाही, आणि रंग पाहून तारेला हात लावायचा नाही. बंडल संपले म्हणून हिरव्या तारेतून फेज नेणारे काम तपासणीत सापडले, तर ते पूर्ण उसकटायला लावावे.

१०. अर्थिंग किती ओहम आले म्हणजे पास?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. ‘पाचच्या आत’ किंवा ‘एकच्या आत’ ही ठरीव उत्तरे बांधकामांच्या करारांतून रुळली आहेत. एकच आकडा सर्व संचमांडण्यांना लागू करता येत नाही. बिघाड झाल्यावर संरक्षक साधन ठरलेल्या वेळेत पुरवठा तोडते का, हे पाहायचे असते.

हिशेब करून दाखवावा. समजा एखाद्या शेतघराला स्वतःचाच अर्थ-इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेला धातूचा वाहक) आहे, त्याचा रोध पाच ओहम आहे आणि सर्किटवर सोळा अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी आहे. फेज मोटारीच्या बॉडीला टेकला, तर प्रवाह जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ‘सी’ प्रकारचा एमसीबी तत्क्षणी पडायला त्याच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. तो तत्क्षणी पडत नाही, काही सेकंद किंवा त्याहून अधिक काळ मोटारीची बॉडी जिवंत राहते आणि अहवालात मात्र ‘अर्थिंग ५ ओहम, समाधानकारक’ असे लिहिलेले असते.

अशा ठिकाणी आरसीसीबी अत्यावश्यक आहे. इलेक्ट्रोडचा रोध आणि आरसीसीबीचा गळती-प्रवाह यांचा गुणाकार ५० व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसाठी हिशेबाने १६६७ ओहमपर्यंत सूट निघते. म्हणून इतके वाईट अर्थिंग चालवून घ्यावे असे नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली, की रोध कित्येक पटींनी वाढतो, म्हणून तो कमीच ठेवावा आणि कोरड्या दिवसांत मोजावा. पावसाळ्यात घेतलेले वाचन फसवे असते. वितरण कंपन्यांच्या अर्थिंगची तपासणीही कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी, निदान दोन वर्षांतून एकदा व्हावी अशीच तरतूद आहे.

स्वतःचे रोहित्र असलेल्या कारखान्यात किंवा मोठ्या संकुलात बिघाडाचा प्रवाह अर्थच्या धातूच्या वाहकातून थेट रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत परततो. तेथे खड्ड्यातल्या ओहमपेक्षा त्या संपूर्ण वळशाची प्रतिबाधा (एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मोजावी लागते, आणि सैल नटबोल्ट हा तेथला मुख्य शत्रू असतो.

११. मोटारीला दोन अर्थ का? एक नीट जोडला तर पुरत नाही का?

२५० व्होल्टच्या वरच्या मोटारी, जनरेटर आणि तत्सम यंत्रांच्या चौकटीला दोन स्वतंत्र व वेगवेगळ्या जोडण्यांनी अर्थ करावे, अशी तरतूद आहे. अर्थची तार तुटल्याचे यंत्र चालवणाऱ्याला कळत नाही, कारण तिच्याशिवायही यंत्र सुरळीत चालते. म्हणून दुसरी तार. दोन्ही पट्ट्या एकाच बोल्टखाली दाबल्या, तर तो बोल्ट सैल होताच दोन्ही जातात आणि नियम फक्त दिसायला पाळला जातो. तपासणीत बोल्ट मोजावेत.

१२. पॅनेलमागे जागा ‘२० सेंमीपेक्षा कमी किंवा ७५ सेंमीपेक्षा जास्त’ हा नियम विचित्र वाटतो. पन्नास का चालत नाही?

या नियमात माणसाच्या शरीराचा विचार आहे. पॅनेलच्या मागे उघड्या जोडण्या असतील, तर सर्वांत पुढे आलेल्या भागापासून भिंतीपर्यंत वीस सेंटिमीटरपेक्षा कमी जागेत माणूस शिरूच शकत नाही. पंचाहत्तरपेक्षा जास्त जागेत तो शिरून सुखरूप बाहेर येऊ शकतो. पन्नास सेंटिमीटरमध्ये तो आडवा होऊन शिरतो, पाठ भिंतीला आणि छाती बसबारला (वीज वाहणाऱ्या उघड्या धातूच्या पट्टीला) लागते, आणि शॉक बसला तर मागे झटका घ्यायला जागा नसते. पंचाहत्तरच्या वर जागा असेल, तर दोन्ही टोकांनी १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट हवी. पुढच्या बाजूला एक मीटर मोकळी जागा हवी.

हा नियम शिकवायला पॅनेल रूममध्येच जावे. भिंतीपासून पन्नास सेंटिमीटरवर, धातू किंवा वीज नसलेला एक रिकामा खोका ठेवावा आणि प्रत्येकाला त्यामागे जाऊन पान्याने वरचा नट फिरवल्याचा अभिनय करायला लावावे. कोपर कोठे जाते ते त्यालाच दिसते. त्यानंतर त्याच खोलीतल्या पॅनेलसमोर ठेवलेले रंगाचे डबे, झाडू आणि मोडक्या खुर्च्या बाहेर काढायला लावाव्यात. सोसायट्यांच्या मीटर-खोल्यांत ही अडगळ हमखास असते, आणि आगीच्या वेळी मेनपर्यंत पोहोचण्याची वाट तीच अडवते.

१३. आरसीसीबी बसवला, म्हणजे अर्थिंगची आणि एमसीबीची गरज संपते का?

दोन्हींची गरज राहते. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतला फरक पाहतो. तो जादा भार किंवा शॉर्टसर्किट ओळखत नाही, त्यासाठी एमसीबी हवा, किंवा दोन्ही कामे करणारा आरसीबीओ. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलेल्या, पण जमिनीपासून विलग असलेल्या माणसाला आरसीसीबी वाचवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे आणखी एक दिवा आहे. अर्थिंग नसेल तर दोष असलेल्या उपकरणाला कोणीतरी हात लावीपर्यंत आरसीसीबी पडत नाही, म्हणजे पहिला शॉक माणसालाच बसतो.

त्यावरचे टेस्ट बटण आतल्या यंत्रणेची हालचाल तपासते, अर्थिंगची तपासणी करत नाही. सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ‘अर्थिंग दिले’ असे सांगण्याची वाईट प्रथा काही ठिकाणी आहे. न्यूट्रल मागे कोठे तुटला, की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असे करणाऱ्या कामगाराला पुन्हा प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत स्वतंत्र काम देऊ नये.

१४. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवला. यात नियम कोठे मोडला?

एमसीबी तारेचे रक्षण करतो. उपकरणाचा प्रवाह एमसीबीच्या क्षमतेइतका किंवा कमी, आणि एमसीबीची क्षमता तारेच्या क्षमतेइतकी किंवा कमी, हा क्रम राखावा लागतो. भिंतीतल्या पाइपमधून गेलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर १६ ऐवजी ३२ चा एमसीबी बसवला, तर तो पडणे थांबते आणि तार तापणे सुरू होते. आवरण हळूहळू कडक होऊन तडकते, आणि पहिली खूण दिसते ती सॉकेटमागच्या पिवळ्या पडलेल्या प्लास्टरवर. एमसीबी पडत असेल तर भार मोजावा, जोडण्या तपासाव्यात आणि गरज असल्यास नवे सर्किट ओढावे.

१५. मेगरचे (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचे) वाचन चांगले आले होते, तरी एलईडी दिवे जळाले. चूक कोणाची?

चाचणीच्या क्रमाची. २३० व ४१५ व्होल्टच्या वायरिंगची इन्सुलेशन-चाचणी ५०० व्होल्ट डीसीवर घेतात आणि किमान एक मेगओहम अपेक्षित असतो. एवढा दाब एलईडीचे ड्रायव्हर, डिमर किंवा लाट-संरक्षक साधने (सर्ज प्रोटेक्टर) सहन करतीलच असे नाही, शिवाय ती जोडलेली असताना वाचनही खोटे कमी येते. ती काढून ठेवून चाचणी घ्यावी. काढणे शक्य नसेल, तेथे फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांची चाचणी फक्त अर्थच्या संदर्भात घ्यावी. चाचणीनंतर लांब केबलमध्ये विद्युतभार साठलेला असतो, म्हणून तो उतरवल्याशिवाय टोकांना हात लावू नये.

१६. कोणाला शॉक लागला तर कामगाराने काय करावे आणि मालकाने काय करावे?

कामगाराने प्रथम पुरवठा तोडावा. खटका जवळ नसेल, तर घरगुती दाबाच्या तारेपासून कोरड्या लाकडाने किंवा तत्सम कोरड्या अवाहक वस्तूने माणसाला वेगळे करावे. उच्चदाबाची तार पडली असेल, तर हे अजिबात करू नये, दूरच राहावे आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नये. वेगळे केल्यावर श्वास नसेल किंवा केवळ धापा टाकल्यासारखे होत असेल, तर १०८ वर कळवून लगेच छातीदाब सुरू करावेत: छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि शिकलेला माणूस असेल तर तीस दाबांमागे दोन श्वास. बाह्य जखम लहान दिसली, तरी रुग्णालयात न्यावेच.

शॉकनंतरच्या उपचारांचा तक्ता लावणे बंधनकारक आहे, पण अनेक भिंतींवर पाठ दाबून श्वास देण्याची फार जुनी चित्रे अजून आहेत. ती काढून आजच्या पद्धतीचा तक्ता मराठीत लावावा. तो वाचण्यासाठी अपघाताच्या वेळी कोणी थांबत नाही, म्हणून पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करून घ्यावा.

मालकाची जबाबदारी वेगळी आहे. अधिनियमाच्या कलम १६१ खाली विद्युत अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. प्राणांतिक अपघात समजल्यापासून २४ तासांत पहिली खबर आणि प्राणांतिक व इतर सर्व अपघातांत ४८ तासांत विहित नमुन्यात अहवाल अपेक्षित असतो. जखमीला सोडवणे आणि पुढचा धोका टाळणे सोडून घटनास्थळी काही हलवू नये.

१७. साहेब म्हणतात, ‘पाच मिनिटांचे काम आहे, चालू लाइनवरच कर.’ कामगाराने काय म्हणावे?

नकार द्यावा, आणि तो देता येईल अशी व्यवस्था प्रशिक्षण देणाऱ्याने आधीच करून ठेवावी. रोजंदारीवरच्या माणसाला ‘तू नाही म्हण’ एवढेच सांगणे पुरेसे नाही, त्याची रोजी त्या नकारावर अवलंबून असते. म्हणून वर्गात पर्यवेक्षक, ठेकेदार आणि कामगार एकत्र बसावेत, आणि सर्वांसमक्ष ठरावे, की कुलूप-पाटी झाल्याशिवाय पॅनेल उघडायचे नाही आणि त्यासाठी थांबलेल्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही. लेखी कामाचा परवाना येथे उपयोगी पडतो: कोणी, कोणता भाग, किती वेळ बंद केला, यावर दोघांच्या सह्या असतात आणि काम पूर्ण करून माणसे बाजूला झाल्याची सही झाल्याशिवाय पुरवठा पुन्हा जोडला जात नाही. फोनवर ‘दहा वाजता सुरू करतो’ असे ठरवून घेतलेला शटडाउन हा परवाना नव्हे.

१८. गणपतीचा मंडप किंवा बांधकामाची साइट यांना हेच नियम लागतात का? तात्पुरतेच तर असते.

हेच लागतात. किंबहुना तेथे धोका अधिक, कारण तारा जमिनीवरून जातात, पाऊस असतो, लोखंडी खांब व पत्रे असतात आणि अनवाणी माणसांची गर्दी असते. अधिकृत तात्पुरती जोडणी, परवानाधारक ठेकेदार, प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, लोखंडी सांगाड्याला अर्थ आणि पाण्यापासून वर उचललेले, झाकलेले बोर्ड यांत तडजोड करू नये. कमानी आणि मिरवणुकीची सजावट यांची उंची वरून जाणाऱ्या तारा पाहून ठरवावी. ६५० व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांपासून इमारतीला उभे अंतर २.५ मीटर आणि आडवे १.२ मीटर सांगितले आहे, ११ केव्हीला (११ हजार व्होल्टला) उभे ३.७ मीटर. मंडपावर चढणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातातली लोखंडी पट्टी हे अंतर क्षणात खाऊन टाकते.

१९. महाराष्ट्राचा परवाना गोव्यात चालतो का?

परवाने आणि सक्षमता प्रमाणपत्रे राज्य शासन देते. महाराष्ट्रात ते काम विद्युत निरीक्षणालयाशी संलग्न असलेले अनुज्ञापक मंडळ पाहते. त्यामुळे दुसऱ्या राज्यात काम घेण्यापूर्वी तेथल्या परवाना यंत्रणेकडून लेखी मान्यता घ्यावी. परदेशी जाणाऱ्यांनी तेथले रंगसंकेत आणि चाचणीची पद्धत नव्याने शिकावी. युरोपात निळी तार न्यूट्रल असते (प्रश्न ९ पाहावा).

२०. प्रशिक्षण एकदा झाले, मग पुन्हा किती दिवसांनी?

नवे यंत्र, नवी साइट, नवी जबाबदारी किंवा एखादा ‘थोडक्यात वाचला’ असा प्रसंग, यांपैकी काहीही घडले की लगेच. एरवी वर्षातून एकदा पूर्ण उजळणी आणि दर आठवड्याला कामाच्या जागी दहा मिनिटे एकच मुद्दा, ही लय आम्हाला व्यवहार्य वाटते. हजेरीपत्रकावरची सही हा शिकल्याचा पुरावा नव्हे. प्रश्न ६ मधल्या सराव-बोर्डावर कामगाराने कोणते दोष शोधले, कोणते सुटले, हे त्याच्या नावापुढे लिहावे आणि सुटलेलेच दोष पुढच्या वेळी पुन्हा ठेवावेत.

२१. सौर पॅनेलच्या कामाला नेहमीचा वायरमन पाठवला तर चालेल का?

स्वतंत्र प्रशिक्षणाशिवाय पाठवू नये, कारण प्रश्न ७ मधली पद्धत येथे अर्ध्यावर अडते. इन्व्हर्टरपलीकडची एसी बाजू बंद करता येते, पण सूर्यप्रकाश आहे तोवर पॅनेलची डीसी बाजू जिवंत राहते, आणि एका ओळीत जोडलेल्या पॅनेलचा एकत्र दाब काही शे व्होल्ट असतो. डीसीची ठिणगी एसीप्रमाणे सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे ती आपोआप विझत नाही. भार चालू असताना जोडणी ओढून वेगळी केली, तर दोन टोकांमध्ये जळता कमानीसारखा प्रवाह टिकून राहतो. घरगुती एसी एमसीबी येथे वापरता येत नाही, डीसीसाठी बनवलेले व त्या दाबाचे साधन हवे. आधी इन्व्हर्टर बंद, मग एसी खटका, मग डीसी खटका, मग मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री, आणि त्यानंतरच जोडणीला हात, हा क्रम शिकवावा. ग्रिड गेल्यावर ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबायला हवा. तो थांबतो का, याची चाचणी यंत्रणा सुपूर्द करताना ग्राहकासमोर करून नोंदवून ठेवावी, आणि मीटरजवळ ‘येथे दोन बाजूंनी पुरवठा आहे’ अशी मराठी पाटी लावावी.